सासूबाईंच्या हृदयाची डावी भिंत

माझी नणंद आणि मी एकाच यंत्रावर काम करतो आणि आमच्यात विस्तव जात नाही.

यंत्र म्हणजे एकामागे एक जोडलेली दोन मोठी कडी. पुढचं सीटीचं, मागचं पेट स्कॅनचं. पेशंट फळीवर झोपतो आणि फळी आधी एका कड्यातून सरकते, मग दुसऱ्यातून. सीटी दाखवतं हृदयाचा आकार आणि रक्तवाहिन्या कुठे किती चोंदल्यात ते. पेट दाखवतं जीव. पेशंटच्या शिरेत आम्ही साखरेसारखं एक औषध सोडतो, त्यातून किरणं निघत असतात. जिवंत स्नायू साखर खातो आणि पडद्यावर पिवळा-केशरी दिसतो. मेलेला खात नाही, तिथे काळं. दोन चित्रं एकावर एक ठेवली की सर्जनला कळतं, चोंदलेल्या वाहिनीच्या पलीकडे वाचवण्यासारखं काही उरलंय की नाही. कल्पना फार सुंदर आहे. यंत्र बनवणाऱ्यांनी दोन कडी जोडली, दोन डॉक्टर जोडायचा स्क्रू तेवढा द्यायचा राहिला.

सीटी तिचं, पेट माझं. यंत्र आलं तेव्हा विभागप्रमुख कोण यावरून आमची जुंपली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे वरच्या लोकांना कळत नव्हतं असं नाही, पण त्यांनी दोघींना अर्धं अर्धं प्रमुख केलं आणि हात झटकले. गंमत म्हणजे मला या घरात आणली तिनेच. "आमच्याकडे एक डॉक्टर आहे, आपल्या बाबूला शोभेल," असं तिने सासूबाईंना सांगितलं होतं. बाबू म्हणजे माझा नवरा, तिचा धाकटा भाऊ. आता मी कॅन्टीनमध्ये शिरले की ती ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जाते. जाऊ दे. मलाही तिच्यासमोर घास उतरत नाही.

भांडणातून विभागात एक रीत पडली. ती तिचं पान लिहिते, मी माझं. दोन्ही टाचून सर्जनकडे जातात. बोलायचं असेल तर टेक्निशियनमार्फत, म्हणून त्याला सगळं रुग्णालय पोस्टमन म्हणतं. मिशीवाला, दोन मुलांचा बाप, पण आमच्या दोघींसमोर त्याचा आवाज फुटत नाही. दोन चित्रं एकमेकांवर नीट बसलीत की नाही हे कॉम्प्युटर आपोआप बघतो. ते शेवटी डोळ्यांनी तपासायचं कुणी? ती म्हणायची पेटवालीने, मी म्हणायची सीटीवालीने. म्हणजे कुणीच तपासत नव्हतं. आजवर बिघडलं नव्हतं, एवढंच.

आणि मग सासूबाईंना हृदयाचा झटका आला.

झटक्यातून त्या वाचल्या, पण पायांवर सूज, दोन वाक्यं बोलल्या की धाप. तिन्ही मोठ्या वाहिन्या चोंदलेल्या. हृदयाची डावी भिंत, म्हणजे खरं काम करणारी भिंत, हलतच नव्हती. सर्जन स्पष्ट बोलणारा माणूस आहे. तो म्हणाला, "भिंत नुसती उपाशी असेल तर बायपास करतो, परत हलायला लागेल. मेली असेल तर या वयात छाती उघडून उपयोग नाही, टेबलावरच जातील. मग गोळ्या द्यायच्या आणि घरी न्यायचं." घरी नेऊन किती दिवस, ते आम्ही कुणी विचारलं नाही. घरात दोन डॉक्टर असल्या की असले प्रश्न विचारावे लागत नाहीत.

स्कॅनला आणलं तेव्हा मी औषधाची सिरिंज शिशाच्या डबीतून काढली आणि हसून म्हटलं, "आई, थोडं टोचेल हं."

त्यांनी हात शालीखाली ओढून घेतला. "हिच्या हातचं नको."

"आई, हे औषध मीच देते. सगळ्यांनाच."

"सगळ्यांना दे. लेकीच्या हातचं विषसुद्धा घेईन मी, पण तुझ्या हातचं औषध नको."

नर्स होती, पोस्टमन होता, दारात पुढचा पेशंट आणि त्याची बायको होती. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! सिरिंज मी डबीत ठेवली, डबी टेबलावर आपटली आणि पोस्टमनला म्हटलं, "मॅडमना सांग, त्यांच्या मातोश्रींना त्यांनीच टोचावं." आणि तिथून निघाले ते जिन्यात जाऊन उभी राहिले. त्या बाईचं माझ्यावाचून काही अडत नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं. चारचौघांत ऐकायची काय गरज होती? ताईंनी, म्हणजे नणंदबाईंनी, येऊन टोचलं. बाकीचं सगळं माझ्यामागे पार पडलं.

दुपारी चित्रं माझ्या पडद्यावर आली. बाकीचं हृदय केशरी, ठीकठाक. डाव्या भिंतीच्या जागी मात्र मोठं काळं खिंडार.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. रंग कमी-जास्त केले, दुसऱ्या बाजूने काप घेतले. काळं ते काळंच. मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला नाही. वाईटही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? भीती वाटली. हे मी लिहिलं की घरात काय होणार ते मला आधीच दिसत होतं. तरी लिहिलं. डावी भिंत, जिवंत स्नायू आढळत नाही. सही केली. जे दिसतं ते लिहायचं, पेशंट कुणाची सासू आहे ते बघायचं नाही, हाच तर धंदा आहे माझा.

सर्जनने दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवलेलं ऑपरेशन रद्द केलं.

संध्याकाळी वॉर्डात गेले तर ताई वाटच बघत होती. बऱ्याच वर्षांनी माझ्याशी थेट बोलली, तेही भर वॉर्डात.

"लिहिलंस? शांती मिळाली?"

"मी जे दिसलं ते लिहिलं, ताई."

"तुला तेच दिसणार! माझी आई जिवंत दिसली असती तरच नवल. लग्न झाल्यापासून ज्याची वाट बघत होतीस ते आता सहीनिशी लिहून दिलंस."

"तोंड सांभाळून बोला."

"काय सांभाळू? बघ, बाबू, बघ. तुझ्या बायकोने आईला मेलेली ठरवलीय."

सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, पण एकूण एक शब्द ऐकत होत्या. माझा नवरा खिडकीपाशी उभा होता. तो नेहमी खिडकीपाशीच असतो. भांडण झालं की त्याला बाहेरची झाडं आवडायला लागतात. तो म्हणाला, "तू एकदा परत नीट बघशील का? नीट."

ते "नीट" मला चपराकीसारखं लागलं. ताईचं एक वेळ चालेल, ती वैरीणच आहे. पण यानेही तेच म्हणावं? मी म्हटलं, "बघते ना. बघते, आणि छापून आणते, आणि तुमच्या सगळ्यांच्या उशाशी चिकटवते."

मी परत खोलीत गेले ती सासूबाईंना वाचवायला नाही. मी बरोबर आहे हे तिघांच्या तोंडावर फेकायला गेले. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण नंतर लोकांनी मला भलतंच श्रेय द्यायचा प्रयत्न केला.

पुरावा भक्कम असावा म्हणून मी माझं चित्र तिच्या सीटीवर ठेवलं. रीत मोडली. म्हटलं, तिच्याच चित्रावर दाखवते तिला खिंडार.

आणि हृदय हृदयावर बसेचना.

सीटीतलं हृदय खाली सरकलेलं होतं आणि छाती फुगलेली. माझ्या चित्रातली डावी भिंत जिथे होती, तिथे तिच्या चित्रात फुप्फुस होतं. म्हणजे नुसती हवा. पहिल्यांदा वाटलं, कॉम्प्युटरने गोंधळ घातला. मग लक्षात आलं काय झालंय ते.

सांगते कसं ते. माझ्या औषधाची किरणं शरीरातून बाहेर येताना वाटेत मुरतात. वाटेत मांस असेल तर जास्त, हवा असेल तर कमी. कुठे मांस आणि कुठे हवा हे सीटी सांगतं, त्यावरून कॉम्प्युटर मुरलेला भाग परत भरून काढतो. म्हणून आम्ही दोन सीटी काढतो. एक संथ श्वास चालू असताना, कारण माझं स्कॅन बराच वेळ चालतं आणि तेवढा वेळ कुणी श्वास रोखू शकत नाही. दुसरी ताईची, वाहिन्यांची. त्यात "मोठा श्वास घ्या, रोखा" असं सांगतात. मोठा श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि हृदय खाली जातं. माझ्या चित्राला संथ श्वासाची सीटीच लागते. इथे रोखलेल्या श्वासाची लावली होती. कॉम्प्युटरला डाव्या भिंतीच्या जागी हवा दिसली, हवेला काय भरून काढायचं, म्हणून त्याने फार थोडं भरलं. भिंत काळी पडली.

काळी दिसत होती. मेली होती की नाही, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

मी पोस्टमनला बोलावलं. "संथ श्वासाची सीटी कुठंय?"

त्याने मिशीवरून हात फिरवला. "काढली नाही, मॅडम."

"का?"

"मोठ्या मॅडम म्हणाल्या, आईला दोन-दोनदा किरणं कशाला? एकीतच भागव. वय झालंय त्यांचं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही जिन्यात होता. आणि तुम्ही डबी आपटून गेला होता." मग हळूच, "मॅडम, तुम्ही दोघी एकमेकींना सांगत नाही, मी मधल्या मध्ये किती सांगू?"

मी म्हटलं, "जा, मोठ्या मॅडमना बोलाव. म्हणावं, आत्ता. चहा संपवून नाही, आत्ता."

मला काय आनंद झाला होता सांगू! आता खरंच झाला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या आता तिच्याच घशात घालणार होते मी. ताई आली आणि दारातच थांबली. मी खुर्ची दिली नाही.

"हे बघा. ही तुमची सीटी. हे माझं हृदय."

"तुझं?"

"आईंचं. शब्दांत पकडू नका. भिंत कुठंय बघा."

ती बघत राहिली. रेडिऑलॉजिस्ट म्हणून ती माझ्याहून सरस आहे. मनातल्या मनात मी हे मान्य करते, तोंडाने मरेपर्यंत करणार नाही. तिला समजावून सांगायची वेळच आली नाही. चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं.

"संथ श्वासाची..." ती म्हणाली.

"काढलीच नाही तुम्ही. आईवर माया ना? तुमच्या मायेने भिंत मारली, ताई. मी नाही मारली."

तिने खुर्ची स्वतःच ओढली आणि बसली. मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर मला काय बोलायचं ते तयार होतं. ती म्हणाली, "सरकव. चित्र सरकव, सीटीवर बसव आणि परत हिशेब लावायला सांग कॉम्प्युटरला."

"मला शिकवू नका."

"शिकवत नाहीये. कडा मला दिसते, तुला नाही दिसणार. वर घे."

"घेते."

"अजून. डावीकडे. फार सावकाश सरकवतेस."

"तुम्ही डोक्यावर बसलाय म्हणून."

"मग माऊस दे इकडे."

"माझं चित्र आहे, मी सरकवणार."

असं आम्ही एकीच्या हाताने आणि दुसरीच्या डोळ्याने, एकमेकींना टाकून बोलत, एका बाईचं हृदय जागेवर बसवलं. कॉम्प्युटर हिशेब करायला लागला. पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे जात होती. एकमेकींच्या इतक्या जवळ आम्ही किती वर्षांनी बसलो होतो कोण जाणे. मला ते अजिबात आवडलं नाही.

चित्र उघडलं. डावी भिंत केशरी होती. इतर भागांएवढी झगझगीत नव्हती, जरा फिकट, अर्धपोटी राहिलेल्या माणसासारखी. पण कडेपासून कडेपर्यंत केशरी. जिवंत होती.

ताईने दोन्ही हात तोंडावर धरले. सासूबाईंवर माझं प्रेम नाही, पण तो रंग बघून मला बरं वाटलं, ते वाटलंच.

"मी सांगते आईला," ताई म्हणाली. "माझ्यामुळे झालं, मीच सांगणार."

"सांगा की. मी अडवलंय?"

सर्जनला फोन केला. तो म्हणाला, उद्या पहिलंच करतो, जागा धरून ठेवतो, पण त्यांचा होकार मला आत्ता पाहिजे. त्यांना अशा अवस्थेत जास्त दिवस ठेवण्यात अर्थ नाही. तो वॉर्डात येऊन उभा राहिला. नर्स आली. खिडकीपाशी माझा नवरा होताच.

ताईने आईचा हात हातात घेतला आणि सरळ सांगितलं. घाबरत नाही, आढेवेढे घेत नाही. तेवढं मात्र मानलं पाहिजे. "आई, चूक माझी झाली. तुला जास्त किरणं लागू नयेत म्हणून मी एक फोटो काढूच दिला नाही. त्याने सगळं चुकीचं दिसलं. हिने चूक शोधली. तुझं हृदय जिवंत आहे. उद्या ऑपरेशन करू."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हिने काय केलं तुला?"

"आई?"

"कशात पकडलंय हिने तुला? नोकरीवरून काढणार म्हणाली?" धाप लागली, थांबल्या. "लहानपणापासून कधी चुकली नाही माझी पोर. दुपारी ही म्हणते मी मेले. संध्याकाळी तुझ्या तोंडून वदवते की जिवंत आहे. म्हणजे मला कापायचं ठरलंय हिचं. गोळ्यांनी लवकर जात नाही म्हणून."

"आई, देवाशपथ, माझीच चूक आहे."

"गप्प बस तू. तुला धमकावलंय. मी नाही कापून घेणार. डॉक्टर, मला घरी न्या."

सर्जनने घड्याळाकडे बघितलं. माझा नवरा म्हणाला, "आई, अगं ऐक तरी," आणि परत खिडकीबाहेर बघायला लागला. ताई परत सांगायला लागली. कॉम्प्युटर, श्वास, हवा, मांस, सगळं. पालथ्या घड्यावर पाणी. ती जितकी स्वतःला दोष देत होती तितकी म्हातारीची खात्री पक्की होत होती की माझ्या सांगण्यावरून देतेय. दोन्ही हातांनी सासूबाईंनी कॉट धरून ठेवली होती. ओठ निळसर दिसत होते.

मी बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा या घरात खरं माझ्या बाजूने होतं, तेही ताईच्या तोंडून, साक्षीदारांसमोर. आणि तेच खरं म्हातारीला मारणार होतं. मला इतका संताप आला की दात आवळले गेले. मला ते सोडायचं नव्हतं. देवाशपथ, अजिबात सोडायचं नव्हतं.

"ताई, बास," मी म्हटलं. "किती पाठीशी घालाल मला?"

ताई वळून बघायला लागली.

"आई, यांची काही चूक नाही. मी चुकले. मी नीट बघितलं नाही आणि भिंत मेली म्हणून लिहून टाकलं. ताईंनी पकडलं. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्या स्वतःवर घेतायत, एवढंच आहे."

नर्सने माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. उद्या चहाच्या वेळेपर्यंत हे तळमजल्यापर्यंत पोचणार होतं. सर्जनला खरं काय ते फोनवर कळलं होतं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. माझा नवरा खिडकीपासून म्हणाला, "मी म्हटलं होतं ना तुला, नीट बघ म्हणून." ताईचं तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

सासूबाईंचे खांदे खाली आले. हात सुटले. उशीवर त्या आरामात टेकल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"आता कसं," त्या सर्जनला म्हणाल्या. "या घरात आल्यापासून आज पहिल्यांदा खरं बोलली. सकाळी किती वाजता न्यायला येताय मला?"